रेडा पाण्यावर आला तेव्हा

अक्षताने बाण दोरीला लावला आणि पुन्हा काढून घेतला. बाणाच्या टोकाला पात्याऐवजी जाड सुई होती, सुईमागे औषधाची नळी. नेहमीच्या बाणापेक्षा चांगलाच जड. सकाळपासून भुसा भरलेल्या पोत्यावर मारून मारून तिने त्या वजनाचा अंदाज घेतला होता. पोत्याला शिंगं नव्हती, एवढाच काय तो फरक.

"माहा हात पाह्य," ती नवऱ्याला म्हणाली.

किसनने पाहिला. हात थरथरत होता.

"थंडी हाये," तो म्हणाला.

"बहारीनात कसली आली थंडी?"

"जानेवारी हाये ना बाप्पा. वारा लागते." आणि स्वतःच्या गळ्यातला चौकड्यांचा दुपट्टा त्याने उगाचच घट्ट केला.

बेटाच्या पश्चिमेकडची ही खजुराची बाग एका धनिकाची होती. त्याला जनावरांचा भारी षोक. हरणं झाली, शहामृगं झाली, मग आफ्रिकेतून रानरेडा आला. किसन तिथे पाण्याचे पंप सांभाळायचा. काल रेड्याने कुंपण मोडलं, जमालुद्दीन नावाच्या राखणदाराला शिंगावर घेऊन भिरकावलं आणि बागेचा ताबा घेतला. जमालुद्दीनच्या बरगड्या मोडल्या, पण जीव वाचला. रेड्याचं मात्र आता कठीण होतं. फाटकाशी पोलीस रायफली घेऊन उभे होते. दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत तो आवरला नाही, तर गोळी.

जनावरांचे हैदराबादी डॉक्टर नजीब यांच्याकडे गुंगीचं औषध होतं, पण ते मारायच्या बंदुकीचा गॅस संपलेला. तेव्हा किसनच्या तोंडून निघून गेलं, की आपली बायको दर शुक्रवारी क्लबात तिरंदाजी करते, अमरावतीला कॉलेजात असताना मेडलं आणायची. झालं! शहरात झिंज भागातल्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढणारी बाई सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक टाकून इथे हजर झाली.

आधी तिने साफ नाही म्हटलं होतं. रोज सकाळी मुलाकडून पंचशील म्हणवून घ्यायचं आणि आपणच जिवावर बाण धरायचा?

"जान लेने नहीं, बचाने बुलाया हूँ, बहन," नजीब म्हणाले. "पुठ्ठे पे लगा तो सो जाएगा. पेट में लगा तो मर जाएगा. और सामने से तो मारनाच नहीं."

बेत सोपा होता. पंपाचा आवाज झाला की रेडा हौदावर पाणी प्यायला यायचा, ही त्याची रोजची सवय. पंप आत, हौदापलीकडच्या टाकीमागे होता, पण त्याची स्विचची पेटी भिंतीबाहेर होती. किसनने तिथून पंप सुरू करायचा. हौदासमोर गवताच्या गठ्ठ्यांचा आडोसा रचला होता, त्यामागे अक्षता. रेडा आडवा उभा राहिला की सोडायचा बाण.

किसन पेटीकडे गेला. ती गठ्ठ्यांमागे जाऊन बसली. बराच वेळ काहीच होईना. हा माणूस करतो तरी काय, असं तिच्या मनात येतंय तोच पंप घरघरला.

रेडा आला. घाई नाही, गडबड नाही. काळं, चिखलाने माखलेलं धूड, कपाळावर शिंगांची जाड ढाल. काय देखणं जनावर होतं! असल्या जिवाला गोळी घालायची या कल्पनेनेच अक्षताला वाईट वाटलं. तिने दोरी ओढली.

आणि रेड्याने मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं.

तो वळेना, पाणी पिईना, नुसता पाहत राहिला. तिचा खांदा पेटला, बाणाचं टोक थरथरू लागलं. आता सोडला तर कुठेही लागेल. तिने दात-ओठ खाऊन दोरी हळूहळू सैल केली. फाटकाशी रायफलीचा खटका वाजला. पोलिसांचा धीर सुटत चालला होता.

विहारात शिकवतात तसा तिने नाकपुड्यांशी श्वास पाहिला. श्वास सापडला, हाताचं कापणं मात्र थांबलं नाही. थरथरतोय ना, थरथरू दे मेल्याला, ती मनाशी म्हणाली. तिने पुन्हा दोरी ओढली.

त्याच क्षणी रेड्याने एकदम मान फिरवली आणि तो हौदापलीकडच्या लोखंडी टाकीकडे वळला. त्याची अख्खी बाजू तिच्यासमोर आली. बाण सुटला आणि पुठ्ठ्यात रुतला.

रेडा उसळला, टाकीवर धडकला, मागे फिरून गठ्ठ्यांवर आला. वरचे गठ्ठे तिच्या अंगावर कोसळले. मागे भिंतीत दार होतं, पण पळणाऱ्याच्या मागे जनावर लागतं हे तिला माहीत होतं. ती गवताखाली तशीच बसून राहिली. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग तो अडखळू लागला, आणि शेवटी त्याचे गुडघे दुमडले.

मग काय, कौतुकाला ऊत आला. पोलिसांच्या साहेबाने सलाम ठोकला. कोणीतरी चहा आणला. किसनही आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"कुठी होता तू?"

"पेटीपाशी. अजून कुठी?"

तिचा हात आता दगडासारखा स्थिर होता. तिलाच नवल वाटलं.

"कपड़ा दो कोई," रेड्याजवळ बसलेले नजीब ओरडले. "आँखाँ ढाँकना है इसकी."

किसनचा दुपट्टा घ्यावा म्हणून ती वळली. त्याचा गळा उघडा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. दुपट्टा टाकीच्या नळावर लोंबत होता. शेजारच्या पत्र्याला शिंगाचा ताजा खळगा पडला होता आणि टाकीमागे चिखलात किसनचा पाना पडला होता. ती दुपट्टा घेऊन आली. रेड्याचे डोळे तिने हलक्या हाताने झाकले आणि गाठ मारली.

"पेटी जळेल होती," किसन खालच्या आवाजात म्हणाला. "आत उतरूनच चालू करा लागला."

"अन् हा दुपट्टा?"

"तो तुह्याकडेच पाहून राहिला होता ना. मंग हालवला म्या जरासा."

"अन् माहा नेम चुकला असता तं?"

"तुहा?" किसन म्हणाला, आणि चहाचा कप तिच्यापुढे धरला.

तिने कप घेतला. चहा बशीत सांडला, मग बोटांवर. नजीबनी वर पाहिलं.

"अब काहे को काँप रहे, बहन? अब तो खलास."

"थंडी हाये," अक्षता म्हणाली.