मधली रांग

"मावशी, आधी हात पुसा आणि हे बघा. आचार्य तुमच्याबद्दल बोललेत!"

वॉर्डबॉय मोबाइल नाचवत शवागारात शिरला तेव्हा मावशी एका म्हातारीचे केस विंचरत होती. गुंता फार होता. तिने मान वर केली नाही.

"माझं नाव घेतलंय?"

"नाव नाही. पण तुम्हीच की! गावात दुसरं आहे कोण?"

"मग थांब. हिचा मुलगा बाहेर ताटकळलाय."

म्हातारीची वेणी घालून झाली, चादर हनुवटीपर्यंत ओढून झाली, तेव्हा कुठे तिने मोबाइल हातात घेतला. पडद्यावर प्रवचन देणाऱ्या आचार्यांचा थकलेला चेहरा होता. आवाज मात्र खणखणीत. "तुमच्या आईवडिलांना शेवटची आंघोळ घालणाऱ्या माणसाला तुम्ही प्रार्थनेला मागे, चपलांपाशी बसवता. यापुढे त्यांना मागे बसवणार असाल, तर मला पुढे बसवू नका."

मावशीने ते दोनदा ऐकलं. मग मोबाइल परत देत म्हणाली, "बोललेत चांगलं. आता स्ट्रेचर धर."

नवरा गेला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. इस्पितळात एकच जागा रिकामी होती, आणि ती शवागारात होती. थोरल्या भावानेच अर्ज लिहून दिला होता. "काम ते काम," असं त्याने तेव्हा ऐकवलं होतं. पण पहिल्या महिन्यातच त्याच्या घरी तिचा कप वेगळा निघाला, दुसऱ्या महिन्यात जेवायला बोलावणं बंद झालं, आणि प्रार्थनागृहात शेवटच्या रांगेतली भिंतीकडची जागा तिची झाली. कोणी तसं सांगितलं नव्हतं. ती कुठेही बसली की शेजारचा माणूस उठून जायचा. शेवटी तीच मागे जाऊन बसली. ह्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. इस्पितळात सगळे तिला मावशी म्हणत, पण तिला मावशी म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही घर तिने आतून पाहिलं नव्हतं.

आचार्यांच्या त्या दोन वाक्यांनी गाव ढवळून निघालं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने भाषणातलं वाक्य कागदावर लिहून दुकानाच्या काचेला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी काच फोडली. समोरची औषधवाली म्हणाली, "आचार्यांचं काय जातंय? बोलतील आणि जातील. शेजारी बसायचंय आपल्याला." कॉलेजातल्या मुली मावशीबरोबर फोटो काढायला आल्या, आणि फोटो झाल्यावर नळावर बराच वेळ हात धूत उभ्या राहिल्या. प्रार्थनागृहाच्या फाटकावर तर दोन गट रोज समोरासमोर यायला लागले. एक म्हणे आचार्य देवमाणूस, दुसरा म्हणे म्हातारपणी डोकं फिरलंय.

ह्या सगळ्यात तिला काय वाटतं, हे कोणीच विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी भाऊ दारात आला. तो प्रार्थनागृहाच्या समितीचा सचिव होता. तो उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"रविवारी आचार्य स्वतः येतायत," तो म्हणाला. "तू स्टेजवर यायचंस. त्यांना सगळ्यांसमोर पाण्याचा ग्लास द्यायचास. वर्तमानपत्रवाले येणार आहेत."

"आणि मग?"

"मग काय? टाळ्या. झालं."

"आणि पुढच्या रविवारी मी कुठे बसू?"

भावाने घसा खाकरला. "ते नंतर बघू ना. लोक हळूहळू बदलतात, ताई. एकदम ताणून चालत नाही."

ती धाकटी असूनही तो तिला ताई म्हणायचा, पण फक्त काम असलं की.

ती आत गेली आणि पाण्याने भरलेला ग्लास घेऊन आली. "आधी तू पी."

"मी आत्ताच चहा घेऊन निघालोय."

"बावीस वर्षं तू चहाच घेऊन निघतोयस. आई गेली तेव्हा तिला कोणी आंघोळ घातली रे? तू बाहेर खुर्च्या मांडत होतास."

"आता तो विषय कशाला?"

"विषय तूच घेऊन आलास. माझ्या हातचं पाणी तुला नको, आणि पाजायचं मात्र आचार्यांना? जा. माझी रविवारी ड्यूटी आहे."

"अगं, समितीला मी शब्द दिलाय!"

"माझा शब्द तू कसा दिलास?"

तो जिना उतरून गेल्यावर तिने ते पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं. ग्लास विसळून पालथा घातला.

रविवारी स्टेजवरची एक खुर्ची रिकामी राहिली. भावाने माइकवर सांगितलं, तब्येत बिघडल्यामुळे भगिनी येऊ शकल्या नाहीत. आचार्यांनी शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, ती ड्यूटीवर आहे हे ऐकून घेतलं आणि उठले. इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे होतं. ते काठी टेकत चालत निघाले, आणि मागून समिती, कॅमेरे, समर्थक, विरोधक, सगळा लोंढा.

मावशी एका बस कंडक्टरच्या अंगावर पाणी घालत होती. दार उघडलं आणि एकदम उजेडाचे झोत आत आले. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"कॅमेरे बाहेर."

"मावशी, दोनच मिनिटं..."

"ह्या माणसाच्या अंगावर कपडा नाही. तुमच्या बापाचा असा फोटो चालेल का? बाहेर!"

भाऊ पुढे झाला. "ताई, आचार्य आहेत."

"ते एकटे येऊ शकतात. तूही बाहेर."

तिने दार लावून आतून कडी घातली. आचार्य भिंतीला हात टेकून उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी चाळीस वर्षं मृत्यूवर प्रवचनं देतोय," ते हळूच म्हणाले. "ही खोली कधी पाहिली नव्हती."

"तुम्ही बोललात ते बरं केलंत. कोणीतरी बोलायला हवं होतं. पण आता बोलू नका, पाय धरा. याला कुशीवर वळवायचंय आणि आज माझ्या मदतीला कोणी नाही."

आचार्यांनी काठी भिंतीला लावली आणि पाय धरले. पहिल्यांदा हात चटकन मागे आला. गारठ्याची कल्पना नव्हती. मग त्यांनी पुन्हा धरले. दोघांनी मिळून कंडक्टरला आंघोळ घातली, अंग पुसलं, सदरा चढवला. वरचं बटण तिने दोनदा लावून पाहिलं आणि उघडंच ठेवलं. "याच्या बायकोने सांगितलंय, गळ्याशी घट्ट आवडत नव्हतं."

हात धुतल्यावर आचार्यांनी पाणी मागितलं. तिने दिलं. ते घटाघटा प्यायले.

"हे मी बाहेर सांगतो," ते म्हणाले.

"नका सांगू."

"का?"

"लोक म्हणतील, आचार्य किती मोठे. कंडक्टर राहील बाजूला, आणि मीही."

आचार्यांनी हात जोडले, काठी घेतली आणि कडी काढून बाहेर पडले. कॅमेऱ्यांसमोर ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यामुळे कुणी म्हणालं, त्या बाईने त्यांचा अपमान केला. कुणी म्हणालं, ते आत रडले. आठवडाभर गावाला तेवढं पुरलं.

पुढच्या रविवारी आचार्य नव्हते, वर्तमानपत्रवाले नव्हते. साधी सकाळची प्रार्थना होती. मावशी धुतलेले कपडे घालून प्रार्थनागृहाची पायरी चढली. दारात भाऊ होता.

"मागे तुझी जागा ठेवलीय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिथे आता गादीची खुर्ची टाकलीय, खास."

"तू बस तिच्यावर. मला मागून काही दिसत नाही."

मधल्या रांगेत, बरोबर मधोमध ती जाऊन बसली. डावीकडची बाई उठली. उजवीकडचं जोडपं उठलं. पुढच्या रांगेत चुळबूळ झाली, दोनतीन खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. शिंपी तिच्याच रांगेत टोकाला होता. तो जवळ आला नाही, पण उठलाही नाही. मावशीने आपली पिशवी डावीकडच्या खुर्चीवर ठेवली, छत्री उजवीकडच्या, आणि पाठ टेकून बसली.

प्रार्थना सुरू झाली. इतकी वर्षं ती भिंतीकडे तोंड करून ओठातल्या ओठात म्हणायची. आता तिने छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्याने आवाज लावला. तो बेसूर होता, आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे धावत होता. पेटीवाल्याने वळून पाहिलं. ती थांबली नाही. दुसऱ्या कडव्याला पेटीच तिच्या मागून जायला लागली.