माचीनशेजारची भिंत

आमच्या काबीमास शहरात तेलाची बातमी आली की आमच्या घरात भांडण ठरलेलं. यंदा देशाचं उत्पादन वाढणार, जहाजं पुन्हा भरभरून बाहेर जाणार, असं रेडिओवरचा कुणी तज्ज्ञ म्हणाला, की माझा नवरा नेरिओ खुर्चीत ताठ होऊन बसतो. तो म्हणतो, ‘‘ऐकलंस, इदेल्मा?’’ मी म्हणते, ‘‘ऐकलं. गेल्या वर्षीही हा मेला हेच बोलत होता.’’ मग तो रेडिओचा आवाज वाढवतो आणि मी भांडी आपटते.

आता तुम्ही म्हणाल, देशाचं तेल वाढलं तर या बाईचं काय जातं? माझं स्वयंपाकघर जातं. आमच्या घराच्या बाजूला तेल उपसणारं एक लोखंडी धूड उभं आहे. आम्ही त्याला माचीन म्हणतो. आमच्या शहरात अशी माचीनं गल्लोगल्ली आहेत, कुणाच्या अंगणात, कुणाच्या परसात, एक तर शाळेच्या भिंतीला लागून. आमचं बंद पडलं तेव्हा आधी त्याची मोटर चोरीला गेली, मग भोवतीचं कुंपण. नेरिओ तेलकंपनीत होता, या गल्लीतल्या आणि पुढच्या दोन गल्ल्यांमधल्या तेलाच्या विहिरी तोच चालवायचा. पगारात अंडी येईनाशी झाली तेव्हा त्यानं नोकरी सोडली, की नोकरीनं त्याला सोडलं, ते देव जाणे. मी मात्र हातावर हात ठेवून बसले नाही. कुंपण गेलेल्या मोकळ्या जागेत शेगडी आणली. मग तीन भिंती घातल्या, वर पत्रे टाकले, रस्त्याकडे खिडकी काढली. तिथं मी मांदोका तळते. पिकलेलं केळं आणि मक्याचं पीठ मळून केलेली कडी, वर किसलेलं चीज. सकाळी खिडकीसमोर रांग असते. या खिडकीनं आम्हा दोघांना जगवलं, आणि पोरगा पेरूला निघाला तेव्हा त्याचं तिकीटही तिनंच काढलं. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

नेरिओ त्या खिडकीशी स्टुलावर बसायचा, कॉफी घेऊन. काम काय? तर गिऱ्हाइकांना विहिरीच्या गोष्टी सांगणं. ‘‘ही जी आहे ना, दिवसाला चारशे पिंपं द्यायची. अख्ख्या काबीमासमध्ये अशी दुसरी नाही. आजही हात लावा, उसळून येईल.’’ लोक मांदोका खातखात ऐकायचे. शेजारचा एबेर्तो, ज्याला दुसऱ्याच्या जखमेत बोट घातल्याशिवाय घास गिळत नाही, तो मुद्दाम विचारायचा, ‘‘परवा तीनशे म्हणाला होतास ना?’’ नेरिओ चिडायचा. मी आतून ओरडायची, ‘‘एबेर्तो, खायला आलायस की माझ्या सवतीची चौकशी करायला?’’ सवतच ती. माझ्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पण विहिरीबद्दल वाकडा शब्द ऐकून घेणार नाही, असा हा माणूस.

यंदा मात्र बातमी नुसती रेडिओवर राहिली नाही. कंपनीच्या गाड्या खरंच फिरायला लागल्या. ज्या बंद विहिरी थोड्या खर्चात सुरू होतील त्या आधी घ्यायच्या, असं ठरलं होतं. आणि विहीर सुरू झाली की ती चालवायला माणूस लागणार. जुने सगळे चिलीला, पेरूला, कोलंबियाला निघून गेलेले. आमच्या गल्लीत काम येणारा एकच उरला होता, नेरिओ. आपली विहीर घेतली तर नोकरी आपलीच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. ट्रंकेतला जुना गणवेश काढून त्यानं धुतला, इस्त्री केला. तो पोट आत घेऊन बटणं लावत होता, मी बघत होते. कित्येक वर्षांत त्याला असं आरशासमोर उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

कंपनीची इंजिनियर आली ती माझ्या पोराच्या वयाची, रोसाल्बा नावाची. उन्हानं लालबुंद झालेली. मी तिला आधी पाणी दिलं, मग मांदोका. तिनं दोन खाल्ल्या, बोटं चाटली, आणि मग जे सांगितलं त्याचीच मला इतकी वर्षं धास्ती होती.

‘‘सिन्योरा, विहिरीपाशी मोठा ट्रक मागे घेऊन लावावा लागतो. या बाजूनं शेजाऱ्याची भिंत आहे, त्या बाजूनं गटार. रस्त्याकडूनच यावं लागेल.’’

‘‘रस्त्याकडून माझं स्वयंपाकघर आहे, पोरी.’’

‘‘तेच म्हणतेय. ते काढावं लागेल.’’

‘‘आणि काढलं तर ट्रक नक्की येईल?’’

ती खोटं बोलली नाही. ‘‘ते विहीर कशी आहे त्यावर. आमच्या हपीसात जुनं काहीच उरलेलं नाही, चोरांनी कपाटंसुद्धा नेली. म्हणून ज्यांनी विहिरी चालवल्या त्यांनाच विचारत फिरतेय.’’ मग ती नेरिओकडे वळली. ‘‘सिन्योर नेरिओ, शेवटी शेवटी काय द्यायची ही?’’

गल्ली जमली होती. एबेर्तो भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. नेरिओनं माचीनकडे पाहिलं. मग माझ्या स्वयंपाकघराकडे, पत्र्याकडे, खिडकीतल्या कढईकडे. आणि खाली बघून म्हणाला, ‘‘पाणी.’’

‘‘काय?’’

‘‘पाणी द्यायची. खारं पाणी. तेल फार नव्हतंच. हिच्यावर खर्च करू नका.’’

कुणी हसलं नाही, एबेर्तोसुद्धा. हा माणूस, जो या विहिरीसाठी सख्ख्या भावाशी भांडला, तो माझ्या चार पत्र्यांसाठी चारचौघांत तिची नालस्ती करत होता. हातातोंडाशी आलेली नोकरी स्वतःच्या हातानं ढकलून देत होता. मला त्याचं इतकं प्रेम आलं आणि इतका राग आला की मी एप्रन तोंडाला लावला आणि लगेच काढला.

‘‘खोटं बोलतोय तो,’’ मी म्हटलं. ‘‘त्याचे कपडे मी धुतलेत. शेवटच्या दिवसापर्यंत कोपरापर्यंत काळे असायचे. चारशे पिंपं देते ती. तुझा ट्रक आण तू.’’

‘‘इदेल्मा, गप्प बस,’’ नेरिओ म्हणाला.

‘‘तूच गप्प बस. आयुष्यभर बडबडलास आणि आता बोलायची वेळ आली तर पाणी म्हणे. भिंत माझी आहे, मी पाडीन.’’

‘‘तुला कळत नाहीये...’’

‘‘मला सगळं कळतं. तुझ्यापेक्षा जास्त कळतं.’’

रोसाल्बा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘‘जागा मोकळी झाली तर मी ही विहीर घ्यायला सांगते. बाकी उपसून बघितल्यावर कळेल.’’

दुसऱ्याच दिवशी मी पहार घेतली. नेरिओ आडवा आला नाही, पण हातही लावेना. दारात उभा राहिला. मी दोन ब्लॉक फोडले तेव्हा मात्र पुढे झाला, ‘‘फोडू नकोस, सुटे काढ, परत कामाला येतील,’’ म्हणाला आणि एकेक ब्लॉक सोडवून घराच्या भिंतीशी रचायला लागला. मला वाटलं, लाजलाय. इतकं केलं बायकोनं म्हणून भारावलाय.

ट्रक यायला बराच वेळ लागला. तोवर मी घरात तळत होते. घरात रस्त्याकडे खिडकी नाही, धूर छताला, आणि गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या एग्दाकडे गेली. एग्दाच्या मांदोका दगडासारख्या, पण तिला खिडकी आहे. रेडिओवर रोज चांगलीच बातमी. उत्पादन चढतंय, जहाजं लागतायत. मी नेरिओला म्हणायची, ‘‘ऐकलंस?’’ आता मी आवाज वाढवायची आणि तो बंद करायचा. मला त्याचं नवल वाटायचं. नोकरी दारात येऊन उभी आणि हा तोंड पाडून बसलेला.

मग एके सकाळी ट्रक आला. माझ्या शेगडीच्या जागेवरून मागे मागे येऊन विहिरीला भिडला. माणसं कामाला लागली, गल्लीतली पोरंबाळं जमली, मी सगळ्यांना कॉफी दिली. काही दिवस ठाकठूक चालली. शेवटी पाइपातून आलं ते मातकट, गढूळ, मिठाचं पाणी. त्यांनी आणखी उपसून पाहिलं. पाणीच. रोसाल्बा माझ्याजवळ आली, टोपी काढली आणि म्हणाली, ‘‘सिन्योरा, माफ करा. पलीकडच्या गल्लीतल्या चांगल्या निघाल्या. तिथं माणूसही मिळालाय.’’ मी म्हटलं, ‘‘तुझी काय चूक, पोरी?’’ ट्रक गेला. चाकांनी माझी फरशी उखडली होती.

नेरिओ मागच्या पायरीवर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘‘तुला ठाऊक होतं.’’

‘‘सांगितलं होतं की. सगळ्यांसमोर सांगितलं होतं.’’

‘‘मला वाटलं, तू माझ्यासाठी...’’

‘‘तुझ्यासाठीच सांगितलं. पण खरं होतं ते.’’

‘‘मग ते काळे कपडे?’’

‘‘पुढच्या गल्लीतला पाइप गळायचा. त्याचे डाग. हिनं तर बंद पडायच्या कितीतरी आधीच तेल द्यायचं सोडलं होतं.’’

‘‘मग इतकी वर्षं खिडकीशी बसून चारशे पिंपं कसली उपसत होतास तू?’’

तो हळूच म्हणाला, ‘‘तू पीठ मळायचीस, तळायचीस, पैसे आणायचीस. पोराला तिकीट तू काढून दिलंस. मी काय आणत होतो घरात? माझ्याकडे ती एकच गोष्ट होती सांगायला. विहीर चांगली आहे, आज ना उद्या सुरू होईल, एवढीच.’’

मी त्याच्याशेजारी बसले. मला रडू फुटलं आणि मी ते थांबवलंही नाही. इतकी वर्षं त्याची थाप मी खरी मानली, आणि ज्या दिवशी तो खरं बोलला त्या दिवशी भर गल्लीत त्याला खोटारडा ठरवलं. माझी भिंत गेली त्याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख याचं होतं की आता त्याच्याकडे सांगायलाही काही उरलं नाही.

सकाळी उठले तर नेरिओ बाहेर सिमेंट कालवत होता. रचून ठेवलेले ब्लॉक आणून त्यानं ओळ लावायला घेतली होती. बघते तर ओळ थेट माचीनच्या पायाला भिडवलेली. आधीच्यापेक्षा मोठं स्वयंपाकघर, ट्रक ज्या वाटेनं आला ती वाट पूर्ण बुजवून. ‘‘आता तुला पीठ ठेवायलाही जागा होईल,’’ तो म्हणाला. ‘‘इथं कुणी येणार नाही.’’

हेच तर मला इतकी वर्षं हवं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तो थापी फिरवत होता, एखादं थडगं बांधावं तसा, आणि पायाशी रेडिओ बंद करून ठेवलेला. मला ते बघवेना.

‘‘थांब,’’ मी म्हटलं. वाकून त्याचे ओले ब्लॉक उचलले आणि जुन्या भिंतीच्या खुणेच्याही अलीकडे आणून ठेवले. हातांना सिमेंट लागलं. माचीनच्या बाजूनं मोठी गाडी जाईल एवढी जागा मोकळी राहिली.

‘‘वेडी आहेस का? शेगडीसुद्धा मावणार नाही. ट्रक आता येत नसतो, इदेल्मा. पाणी आहे खाली.’’

‘‘मला ठाऊक आहे काय आहे खाली. शेगडी लहान आणू. पण कशाचीही वाट न बघणारा नवरा दिवसभर खिडकीशी बसलेला बघणं माझ्याच्यानं होणार नाही. धर ओळंबा.’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि ओळंबा धरला.