सगळ्यात वरची पायरी

दुकानाचं शटर ओढलं की चष्मेवाला दादा फ्रेम मांडायचं पायऱ्यांचं स्टँड रिकामं करायचा आणि त्यावर आपले मातीचे सैतान बसवायचा. खेळ त्यानेच रचलेला. खाली चिल्लर पिशाच्चं, मध्ये सरदार, सगळ्यात वर सैतानांचा सम्राट. खेळायला धाकटा भाऊ आणि त्याची बायको यायची, नि दादाच्या पोटात दुखायचं ते तिथेच. धाकट्याच्या वाट्याला सगळ्यात खालचं पिशाच्च होतं, तरी घरात कौतुक त्याचंच. लहानपणापासून हेच चाललेलं.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून दादाच्या सम्राटाला हरवलं. हरलेल्या सैतानाचं मूळ उघड करायचं, हा दादाचाच नियम.

"हे सगळे आधी माणसं होते," दादा म्हणाला. "इथे ताकदीने कोणी वर चढत नाही. जो जास्त जळतो, तो वर. हा सम्राट पाच वर्षं आईचा एकुलता एक होता. मग पाठीवर भाऊ आला, आणि आईची मांडी गेली ती गेलीच."

धाकट्याची बायको उगाच फासे गोळा करू लागली.

धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, तुला पाच वर्षं तरी आई एकट्याला मिळाली. मला एक दिवसही नाही."

त्याने सम्राटाला एक पायरी खाली सरकवलं आणि त्याच्या जागी आपलं पिशाच्च ठेवलं.

निदान जळण्यात तरी घरात आपला हात कोणी धरणार नाही, असं दादा आजवर समजून होता.