तोंडं रस्त्याकडे

वेल्डरने नकाशा उलटासुलटा करून तीनदा पाहिला. चौकातले समोरासमोरचे चार बाक उखडायचे आणि त्या जागी बारा लोखंडी खुर्च्या बसवायच्या. एकेकट्या, मध्ये आठ फूट अंतर, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. प्रत्येक खुर्ची एका दांड्यावर, दांडा एका नटावर, आणि तो नट पक्का वेल्ड करायचा.

"साहेब, नट नुसता आवळला तरी पुरे की."

"लोक खुर्च्या फिरवतील," पालिकेचा इंजिनिअर मोबाइलमधून मान न काढता म्हणाला.

"मग फिरवू देत. काय बिघडलं?"

"तू वेल्डर आहेस ना? मग वेल्डिंग कर."

इथेच वेल्डरच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या उन्हाळ्यात याच बाकांवर गप्पा मारता मारता नळाच्या पाण्याचा विषय निघाला आणि चाळीस माणसं उठून थेट पालिकेच्या दारात गेली. महिन्याभरात चौकाचं सुशोभीकरण मंजूर झालं. पाणी मात्र अजून मंजूर व्हायचंय. आणि हा म्हणे योगायोग!

पण त्याचा जीव अडकला होता अण्णांत, त्याच्या वडिलांत. अर्धांगाच्या झटक्यात अण्णांची वाचा गेली होती. घरी ते भिंतीकडे बघत बसत. बाकावर मात्र त्यांचा जुना दोस्त शिंपी समोर बसून मुद्दाम वाकड्यात शिरे, आणि अण्णा चिडून एकेक शब्द बाहेर ओढत. सहा महिन्यांत बावीस शब्द परत आले होते, निम्म्या शिव्या. शिंपी ठार बहिरा. ओठ दिसल्याशिवाय त्याला काही कळत नसे.

हातावर पोट असल्याने वेल्डरने खुर्च्या बसवल्या. पण नटांना नुसता वरवरचा टाका मारला आणि वरून जाड रंग फासला. इंजिनिअरने एका खुर्चीला लाथ मारून पाहिली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेल्डर अण्णांना चौकात घेऊन आला आणि दोघे म्हातारे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले.

"काय रे थेरड्या, पुन्हा मुका झालास?" शिंपी रस्त्याकडे बघत ओरडला.

अण्णांनी तोंड उघडलं. शिंप्याने मान वाकडी करकरून पाहिलं, पण त्याला दिसलं फक्त कानशील. अण्णांनी रागाने काठी खाली आपटली, ती नेमकी नटावर. ते थबकले. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते ते. त्यांनी पुन्हा ठोकून कान दिला, आणि शेजारी उभ्या मुलाकडे संशयाने पाहिलं.

"क... कच्चा," अण्णा म्हणाले. तेविसावा शब्द. "टाका कच्चा. चोरा! हेच शिकवलं?"

"अण्णा, हळू बोला. वर कॅमेरा लावलाय."

अण्णांनी खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या सगळ्या रांगेकडे. मुलावरचा त्यांचा संशय तिथून उठला आणि खांबावर जाऊन बसला. काठीच्या आधाराने ते उभे राहिले, काठी काखेत धरली आणि चालता हात पुढे केला.

"पाना."

वेल्डरने क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग खिशातून पाना काढून त्यांच्या हातात दिला.