अकरा वर्गांचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि तोही गुंडाळीचा. भिंतीवरच्या फळ्यांचा रुबाब मला नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी पुष्कळ हसणारे पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

माझा जन्म बंगळुरात, राजाजीनगरातल्या एका घराच्या मागच्या पडवीत झाला. विश्वेश्वरअण्णा कारखान्यात फिटर होते. त्यांच्या बायकोला, वसुमतीअक्कांना, कामकरी बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग चालवायचा होता, आणि वर्गाला कायमची जागा नव्हती. अक्कांनी महिनाभर पिच्छा पुरवला तेव्हा अण्णांनी जाड कॅनव्हास आणला, त्याला काळ्या रंगाचे दोन हात दिले, वर-खाली दांडे ठोकले आणि म्हणाले, "घे तुझं पोतं. आता तरी रविवारी झोपू दे."

त्या वर्गाला अण्णा बावीस वर्षांत एकदाही आले नाहीत. माणूस वाईट नाही. पण बायको रोज दुपारी खांद्यावर काय घेऊन जाते, हे बघायला त्यांना सवड झाली नाही. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

वर्ग तीन ते साडेचार असे, कारण घरकाम करणाऱ्या बायकांना तेवढाच वेळ मोकळा सापडतो. कधी देवळाच्या ओट्यावर, कधी इमारतीच्या पार्किंगमध्ये मी टांगला जाई. शिकवणं कन्नडमध्ये, कारण बसवरची पाटी कन्नडमध्ये असते. अक्कांचा एक नियम होता. जिला पाच ओळी लिहिता येतील, तिनं आपलं पहिलं पत्र दुसऱ्या गावच्या वर्गाला लिहायचं. आधी माझ्यावर, मग पोस्टकार्डावर. सोलापूर, नागपूर, धारवाड, हैदराबाद, असे आमच्यासकट अकरा वर्ग जोडले गेले. उत्तर परक्या लिपीत आलं की ती वाचणारं माणूस आधी शोधावं लागे. एका गावी वर्गाची खोली कुणीतरी बंद केली, तेव्हा दहा गावांतून तिथल्या कचेरीत शंभरावर पोस्टकार्डं गेली. आठवड्यात कुलूप निघालं. देशभर असं जाळं व्हावं, आणि त्यात शिकणाऱ्या बाईला मत असावं, एवढंच अक्कांना हवं होतं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. अण्णांनी मला कपाटामागे उभं केलं आणि माझ्याकडे बघणं सोडलं. ते कोणाकडेच बघत नव्हते. माझ्यावर धूळ बसली, आणि दहा गावांची पत्रं खिडकीत साठत गेली.

मग एक दिवस शंतनु आला. पुण्याचा मुलगा, बेळ्ळंदूरला आयटीत नोकरी. "काका, आम्ही अ‍ॅडल्ट एज्युकेशनचं नॅशनल नेटवर्क लाँच करतोय. देवनहळ्ळीजवळच्या हॉटेलात फाउंडिंग मीट आहे. मॅडमचा बोर्ड लेगसी कॉर्नरला ठेवू. खूप इमोशनल होईल!"

अण्णांनी मान हलवली. बायकोचं नाव कुणी घेतलं की ते कशालाही मान हलवत.

त्या हॉटेलात मला सभागृहाच्या उघड्या दाराबाहेर पितळी स्टँडवर टांगलं, वरून दिव्याचा झोत सोडला आणि खाली इंग्रजी चिठ्ठी लावली. अण्णांबरोबर अनुसूया आली होती. ती एका मेसमध्ये स्वयंपाक करते. अक्कांच्या वर्गात अक्षर गिरवायला लागली तेव्हा बावन्न वर्षांची होती.

"अण्णा, काय लिवलंय?"

"हात लावू नका."

"अय्यो! अक्का तर रोज ओरडायची, लांब काय बसता, फळ्याला हात लावा म्हणून."

मित्रांनो, दोन दिवस मी त्या सभेतली माणसं पाहिली. गळ्यात पट्टे, हातात कॉफी. शिकणाऱ्यांबद्दल ते इतक्या प्रेमानं बोलत होते, की शिकणारे मेले असावेत असं वाटावं. खुद्द शिकणाऱ्या सतरा बायका मागच्या रांगेत होत्या. त्यांचं काम टाळ्या वाजवणं आणि फोटोत येणं. दुसऱ्या दिवशी नियम वाचला गेला. सभासद फक्त नोंदणीकृत संस्था. अर्ज मोबाइलवरून, इंग्रजीत.

अनुसूयेनं हात वर केला. "आमी?"

"मावशी, लर्नर्ससाठी आपण सेपरेट कमिटी करू ना," शंतनु म्हणाला.

"तिच्यात तरी आमी हाय का?"

कोणीतरी हसलं. शंतनुनं पुढचा मुद्दा घेतला.

तेव्हा अण्णा उठले. मला वाटलं, घरी निघाले. ते बाहेर माझ्याकडे आले, चिठ्ठी फाडली, मला स्टँडवरून काढून सभागृहात नेलं आणि व्यासपीठासमोर दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "स्वल्प थांबा सगळे," ते म्हणाले. "अनुसूया, लिही."

अनुसूयेनं पिशवीतून खडू काढला आणि कन्नडमध्ये एक ओळ लिहिली. सावकाश, एकही चूक न करता. अर्ध्याअधिक विद्वानांना ती ओळ वाचताच येत नव्हती.

"काय लिहिलंय?" दिल्लीहून आलेल्या एका बाईंनी हिंदीत विचारलं.

"शिकवू?" अनुसूया म्हणाली. "दुपारी तीनला या."

ओळ अशी होती: वर्गात बसते तिला मत. मागच्या सतराजणींनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी कुणी सांगितलं म्हणून नव्हे. अध्यक्षांनी विषय उपसमितीकडे सोपवला. या लोकांना एखादी गोष्ट गाडायची असली की ते ती उपसमितीकडे सोपवतात.

"सोपवा," अण्णा म्हणाले. "अकरा वर्गांचं जाळं माझ्या बायकोनं आधीच बांधलंय. आमच्यात यायचं तर तुम्ही अर्ज करा."

मग त्यांनी मला गुंडाळलं. बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो. "बावीस वर्षं," ते एवढंच म्हणाले.

आता वर्ग पुन्हा भरतो. शिकवते अनुसूया, मला उचलून नेतात अण्णा. दहा गावांना पत्रं गेली: मताशिवाय त्या नेटवर्कात जायचं का? नऊ गावांनी 'नाही' असं कळवलं. दहावं अजून विचार करतंय.

गेल्या मंगळवारी शंतनु नवा मसुदा घेऊन आला आणि पार्किंगमध्ये फरशीवर बसला. त्यात होतं, शिकणाऱ्यांना 'निमंत्रित' करावं. अनुसूयेनं तो शब्द खोडला आणि वर 'सभासद' लिहिलं.

"मला कमिटीला विचारावं लागेल, मावशी."

"सरी, बरं. विचार. आमी हितंच हाय."

तो गेला. उत्तर यायचं आहे, आणि त्या कमिटीकडून मला फार आशा नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर दोनच गोष्टी सांगतो. मला ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि शिकणाऱ्यांच्या नावानं जमून त्यांनाच मागच्या रांगेत बसवू नका. पहिली चूक झाली तर रंगाचा एक हात पुरतो. दुसरीला लावायला कुठल्या दुकानात काही मिळतं, असं मी तरी ऐकलेलं नाही.