काटेशेराचा चीक

“मामा, तेवढं झाड राहू द्या.”

सहादूने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि कोयता उचलला. बंगल्यामागच्या माळ्याच्या खोलीसमोर ते काटेरी झुडूप कमरेइतके वाढले होते. पांढरा चीक गळणाऱ्या शेराच्याच कुळातले; बारा महिने हिरवे आणि बारा महिने तांबड्या फुलांनी भरलेले. आसपासचे लोक त्याला काटेशेर म्हणत. त्याची सून सिंधू लग्नानंतर माहेरच्या नामपूरहून येताना त्याची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली होती. नाशकातल्या त्या बंगल्याची सारी बाग सहादूने हाताने वाढवली होती. दारातले हे एकच झाड सिंधूचे होते.

शहात्तर सालचा चैत्र चालू होता. मागच्या पंधरवड्यात सिंधूचे तान्हे बाळ तापाने गेले. सुतक फिटताच मुलगा गोरक्ष सिन्नरला कामावर परतला. आणि काल बंगल्यात भांडी घासणारी शकुबाई सहज बोलून गेली, “दारात चिकाचं काटेरी झाड, अन् घरात तान्हं लेकरू. कसं टिकायचं, सहादूभाऊ?” दुःखाला बोट दाखवायला काहीतरी हवे असते. सहादूला ते सापडले होते.

“मामा, मनं झाड शे ते!” चिडली की सिंधूच्या तोंडी माहेरची बोली येई.

“तुझं हाय म्हणूनच तोडतोय.”

शब्द तोंडातून गेला आणि त्याला स्वतःलाच तो लागला. म्हणून पुढचा घाव अधिकच जोराचा बसला. एरवी असली झाडे छाटताना तो वाऱ्याकडे पाठ करी, तोंड फिरवून घेई, कापलेल्या जागी चिमूटभर माती दाबी. आज यातले काहीच त्याला सुचले नाही. मधला बुंधा फाटला, पांढरा चीक कपाळावर उडाला, आणि फांदी धरलेल्या त्याच हाताने त्याने घाम पुसावा तसे दोन्ही डोळे पुसले.

“आई गं! डोळे गेले माझे!”

शकुबाई बादली घेऊन धावली. तांब्यामागून तांब्या ती डोळ्यांवर ओतत राहिली. आग शमेना. पापण्या पाहता पाहता सुजून मिटल्या. बंगल्याचे साहेब मोटार घेऊन त्र्यंबकेश्वराला गेलेले. वॉचमन रिक्षा आणायला पळाला.

“अंगावरचं दूध घालाया पायजे,” शकुबाई म्हणाली. “शेराच्या चिकाला तोच उतारा. आता लेकुरवाळी कुठनं...” आणि तिने जीभ चावली.

पदराआड सिंधूची छाती जुनेराने करकचून बांधलेली होती. दूध आटावे म्हणून शकुबाईच रोज ते आवळून देत असे. बंध सोडला तर पुन्हा पान्हा फुटेल, पुन्हा तोच ठणका आणि तोच ताप, हे तिघांनाही ठाऊक होते.

“नको,” सहादू कण्हत म्हणाला. “ते बाळाचं हाय. जाऊ दे डोळे.”

“बाळ आता मागायला येणार नाही, मामा.”

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर सहादू गुडघ्यांत डोके घालून मागेपुढे झुलत होता. शेवटी ती आली, हातात पितळी वाटी, वाटीत तळ झाकेल एवढेच दूध.

“मावशी, पापण्या उघडून धरा.”

“मला बघवत नाही गं.”

“बघू नका. धरा.”

तिने कापसाच्या बोळ्याने एकेक थेंब सोडला; आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्या. सहादूने दोन्ही हात जोडले होते. कोणाला, ते त्यालाही सांगता आले नसते.

रुग्णालयात डॉक्टरांनी डोळे पुन्हा बराच वेळ धुतले. “लगेच पाणी मारलंत ते बरं झालं. दुधानं काही होत नसतं. उजवा राहील. डाव्याचं आज सांगवत नाही.” सिंधूने मान हलवली आणि सहादूचा हात धरून त्याला रिक्षात बसवले.

दिवेलागणीला तो डोळ्यांवर पट्ट्या बांधून उंबऱ्यावर बसला होता. आत सिंधूची चोळी पुन्हा भिजली होती. आवळून घेतलेल्या दातांमधून निघणारा तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

शकुबाई ओशाळल्यासारखी जवळ आली. “सहादूभाऊ, मी बांधून देते तिला.”

“ती हाक मारील तवा जा.”

“अन् ते झाड? उरलंय तेवढं...”

“शकुबाई, आज काय बोलू नको.”

ती पायरीखाली बसली. सहादूने चाचपडत कडी शोधली, दार ओढून घेतले आणि त्याला पाठ टेकली. बंगल्यावरून कोणीतरी त्याला हाक मारली. “आलो जी,” त्याने उत्तर दिले. पण तो जागचा हलला नाही.