हाताचा वास

"साहेब, तुमी मागं या. इथं, सायलेन्सरपाशी उभे राहा," माणिक म्हणाला.

"मी कावून? ओमप्रकाश पाहून राहिला ना."

"ओमप्रकाश पाहीलच. पन आज तुमी उभे राहा. मी रोज सकाळी तिथंच उभा राहत होतो."

चांदेकर साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. भिलाईजवळच्या चरोद्याचं ते गॅरेज म्हणजे रेल्वे यार्डाच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे, आणि त्याखाली मे महिन्याच्या दुपारी उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. पण माणिकच्या आवाजात आज काहीतरी होतं. अकरा वर्षं हाच माणूस 'हो साहेब' यापलीकडे वाक्य लांबवत नव्हता. साहेब मुकाट्याने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

मेकॅनिक ओमप्रकाशने इंजिन चालू केलं. धडधडत, ठेचकाळत ते चालायला लागलं आणि मागून काळपट धूर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"रुमाल काढा साहेब. अन् हात धरा तिथं, धुरासमोर. धरा ना, भाजत नाही."

साहेबांनी उजवा तळहात धुरासमोर धरला. मिनिटभर, दोन मिनिटं. माणिक घड्याळाकडे पाहत होता आणि त्याला मनातून वाटत होतं, दहा मिनिटं धरायला लावावं या माणसाला. रोजचा हिशेब दहा मिनिटांचाच होता.

साहेब स्टील प्लांटमधून निवृत्त झाले तरी सल्लागार म्हणून रोज रायपूरला जात. गाडीत बसताना एसीने आतली हवा गारेगार झालेली हवी, हा त्यांचा नियम. म्हणून माणिक दहा मिनिटं आधी गाडी चालू करून ठेवायचा आणि तेवढ्या वेळात मागची काच, डिकी, दिवे पुसून घ्यायचा. गेल्या दोन महिन्यांपासून तिथे उभं राहिलं की पेट्रोलचा उग्र वास यायचा. शर्टात बसायचा, हातातल्या फडक्यात बसायचा. साबणाने धुतलं तरी हाताला राहायचा. त्याने साहेबांना तीनदा सांगितलं होतं, "साहेब, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येऊन राहिला, एकदा दाखवून घेऊ." साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "जुनी गाडी आहे बापा, वास तं येनारच."

मग गाडीचं ॲव्हरेज पडलं, पेट्रोल लवकर लवकर संपायला लागलं, आणि साहेबांना वासाची आठवण झाली. गाडीच्या नव्हे, माणिकच्या.

कॉलनीच्या गेटवर, संध्याकाळी सहाच्या सुमारास हे झालं. बायका फिरायला निघालेल्या, दयाराम चौकीदार रजिस्टर घेऊन बसलेला. साहेबांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि माणिकच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "माणिक, हात दाखव."

माणिकला वाटलं, साहेब काहीतरी देणार आहेत. नातवाच्या वाढदिवसाचे पेढे असतील. त्याने तळहात पसरला. साहेब वाकले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्याच्या हाताचा वास घेतला. कुत्र्याने हुंगावं तसा.

"पेट्रोल," ते म्हणाले. "पाइप लावून काढतोस ना? उद्यापासून येऊ नको."

बायका थबकून पाहत राहिल्या. दयारामने रजिस्टरमध्ये मान घातली.

नोकरी गेली याचा राग माणिक गिळू शकला असता. ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातात, मिळतात. पण पसरलेला तो हात त्याला विसरता येत नव्हता. आपण हात पसरला होता, आणि तोही खुशीने! बारा दिवस झाले होते. जेवायला बसला की घास तोंडाशी नेण्याआधी तो हात नाकाशी न्यायचा. गिरजाबाई पाहायची आणि रडकुंडीला यायची. "नाही येत वास. मी सांगते ना, नाही येत. जेवा आता." त्याची बायको खोटं बोलत नव्हती, पण त्याचं समाधान होत नव्हतं.

इकडे चोर गेला, तरी पेट्रोल जातच राहिलं. उलट वास आता गाडीच्या आतही यायला लागला आणि साहेबांच्या बायकोचं, कमलिनी मॅडमचं, डोकं दुखायला लागलं. मॅडमचं डोकं दुखल्यावर मात्र गाडी लगेच गॅरेजमध्ये आली. ओमप्रकाशने आदल्या दिवशीच माणिकला फोन केला होता. "माणिक भाऊ, कल ग्यारह बजे तुम्हारा साहब आ रहा है. तुम भी आओ."

ओमप्रकाशने इंजिन थांबवून प्लग काढले. चारही काळेकुट्ट आणि ओलसर. त्याने एक साहेबांसमोर धरला. "सूंघिए सर. कच्चा पेट्रोल. पूरा जल ही नहीं रहा, सीधा पीछे से निकल रहा है." मग प्लग परत बसवले, गाडी चांगली तापेपर्यंत चालू ठेवली आणि स्कॅनर जोडला. स्क्रीनकडे पाहून तो हसलाच.

"इंजन का टेंपरेचर देखिए. चार डिग्री."

"चार? अरे, भिलाईत आज चव्वेचाळीस आहे!" साहेब म्हणाले.

"वही तो. सेंसर खराब है. इंजन उबल रहा है और ये बता रहा है कि ठंडा पड़ा है. तो गाड़ी ठंडी समझ के पेट्रोल पे पेट्रोल डालती जा रही है. दो-तीन महीने से चल रहा होगा."

बोटाएवढा सेन्सर. ओमप्रकाशने नवा बसवला. अर्ध्या तासात इंजिन शांत झालं, धूर गेला, वास गेला. इतका साधा इलाज होता, आणि त्यासाठी एक माणूस चोर ठरला होता.

"अरे, मग तं..." साहेबांनी घाम पुसला. "चुकलंच माझं, माणिक. चल, घरी सोड मले."

"इथं नोका बोलू साहेब," माणिक म्हणाला. "इथं मले कोनी चोर म्हनत नाही. गेटवर म्हटलं, गेटवरच मागं घ्या."

"बरं बरं. चल तं खरं."

माणिकने गाडी घेतली. बारा दिवसांत सीट पुढे सरकवलेली होती. ती त्याने मागे घेतली नाही. कॉलनीच्या गेटवर दयारामने आडवा दांडा वर केला, पण माणिकने गाडी तिथेच थांबवून बंद केली.

"सांगा साहेब. दयारामले सांगा."

साहेबांनी काच खाली केली नाही. "काय तमाशा लावला भर गेटवर? झालं ना आता? उद्यापासून ये. पगार वाढवून देतो."

"पगार नाही मागून राहिलो मी."

मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिने हॉर्न दिला. साहेबांनी मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागले. माणिकने वाट पाहिली. मनातल्या मनात त्याने वीसपर्यंत मोजलं, मग चावी डॅशबोर्डवर ठेवली आणि उतरला.

दयाराम तंबाखू मळत पुढे आला. अकरा वर्षं रोजची पहिली चिमूट दोघांची एकत्र. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच त्याने ती पुढे केली.

"मैं तो कुछु नइ कहे रहेंव, भैया," तो हळूच म्हणाला.

"हव. तू कुछ नहीं बोला. वही तो," माणिक म्हणाला.

आणि त्याने उजवा तळहात पसरला, त्या दिवशी पसरला होता तसाच. दयारामला कळेना काय करावं. मग त्याने तो हात आपल्या हातात घेतला, तंबाखू त्यावर ठेवली आणि वरून त्याची बोटं मिटली. माणिक मूठ तशीच बंद ठेवून रस्त्याला लागला.

हॉर्न वाजतच होते. साहेब धडपडत पुढच्या सीटवर आले. चावी फिरवण्याआधी त्यांनी उजवा हात नाकाशी नेला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून बाहेर नजर टाकली.

दयाराम पाहत होता. या वेळी त्याने रजिस्टरमध्ये मान घातली नाही.